पिकअपला डमी लावायला निघालो तेव्हा

आमच्या कंपनीतले लोक तिला 'खोली' म्हणतात. पिकअपच्या हौद्यात बसवलेली साडेआठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद खोली. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा, आतून प्लायवूड. कॅबिनच्या डोक्यावर पुढे काढलेल्या फळीवर दोघांची झोपायची सोय. खाली गॅसची शेगडी, दोनशे लिटरची पाण्याची टाकी, मिक्सर आणि ॲम्प्लिफायर ठेवायला कुलुपाचं कपाट. दाराशी साऊंडचे बॉक्स. आणि फाळक्याच्या मागे दोन फूट बाहेर काढलेल्या लोखंडी मचाणावर जनरेटर. या सगळ्याच्या भारापायी मी गाडीला डमी, म्हणजे नुसता भार घेणारा जादा ॲक्सल, लावायला निघालो, त्याची ही गोष्ट.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांना साऊंड आणि लाइट पुरवतो. दूरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्यांच्या जोडीनं रात्रभर नाटकं चालतात. नाटक कंपन्यांचं ठाणं म्हणजे वडसा, म्हणजे देसाईगंज. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे अजून रात्रभर नाटकं चालतात?" चालतात. पहाटे पाच-साडेपाचला पडदा पडतो. मग वायर गुंडाळायची, बॉक्स उतरवायचे, गाडी भरायची आणि दुपारपर्यंत पुढचं गाव गाठायचं.

खोली त्याच्यासाठीच केली. आधी आम्ही शाळेच्या पडवीत झोपायचो, नाहीतर न झोपता गाडी हाकायचो. एका डिसेंबरच्या सकाळी कुरखेड्याकडून येताना माझा डोळा लागला आणि गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत उतरली. धान कापून झालं होतं म्हणून नुसताच धुरा, म्हणजे शेताचा बांध, फुटला. त्या दिवशी ठरवलं, गाडीतच झोपायचं, आणि झोप झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही. खोली उभी राहिली, झोपही मिळाली. फक्त ती उभारताना वजन करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. अँगल घेतला तो "मजबूत पाह्यजे" म्हणून. किलोचा विचार फक्त भंगारवाला करतो.

पहिल्या हंगामात गाडी मागून बसली. मिस्त्रीनं कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन पट्टे वाढवले. गाडी उठली, आम्ही खूश. दुसऱ्या हंगामात मागचा डावा टायर फुटला. रस्ता जंगलातला, वेळ सकाळी सहाची, वेग पन्नासच्याही खाली, म्हणून निभावलं. टायर हाताला तव्यासारखा लागत होता. नवीन टाकला, महिन्याभरात उजव्याला फुगा आला. शिवाय स्टेअरिंग हलकं लागायचं. मी ते पॉवर स्टेअरिंगचं सुख समजत होतो.

मिस्त्री माझ्यापेक्षा शहाणा निघाला. "भाऊ, पट्टे वाढवून गाडी उचल्ली, वजन नाई उचल्लं. टायर तं तेच हाय ना?"

याच सुमारास मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहायची सवय लागली होती. तिकडे पिकअपच्या हौद्यात अख्खी खोली ठेवून फिरतात. तिला ट्रक कॅम्पर म्हणतात. मोठ्या कॅम्परचं वजन दीड-दोन टनांपर्यंत जातं. त्यांच्या पिकअपही मोठ्या, मागे जोडटायर असलेल्या. तरीही काही जणांना वजन पेलत नाही, मग ते मागे एक जादा ॲक्सल लावतात. इंजिनची ताकद त्याला जात नाही, तो नुसता भार घेतो. आपले ट्रकवाले त्याला 'डमी' म्हणतात. व्हिडिओत माणूस हसत हसत डमी लावतो, गाडी सपाट होते, आणि तो बायकोला घेऊन डोंगरात जातो. मला एवढंच दिसलं. त्या गाड्यांच्या दाराच्या चौकटीवरही वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि चाकं वाढवल्यानं ती पाटी आपोआप बदलत नाही, हे नंतर कळलं.

वडशाच्या चौकात एक ट्रक ड्रायव्हर मित्र भेटला. त्यानं आगीत तेल ओतलं. "ॲक्सल वाढला की पासिंग वाढते. २०१८ साली सरकारनं दहाचाकीचं २५ टनावरून साडेअठ्ठावीस टन केलं. तुह्या गाडीले तं एकच लावायचा हाय." पासिंगचा, म्हणजे मंजूर वजनाचा, आकडा त्याचा खरा होता. पण ती वाढ कारखान्यातून तीन ॲक्सल घेऊनच निघालेल्या ट्रकांची होती. घरी लावलेल्या डमीचा तिथे काही संबंध नव्हता. आम्ही दोघांनी तो फरक चहाबरोबर गिळला.

एक काम मात्र मी बरोबर केलं: कापाकापीच्या आधी वजनकाट्यावर गेलो. वडशाकडे राईस मिल आहेत म्हणून धरमकाटेही आहेत. गाडी हंगामातल्यासारखी पूर्ण भरली. टाकी काठोकाठ, जनरेटर, बॉक्स, लाइटचे लोखंडी स्टँड, कॅबिनमध्ये आम्ही तिघं. आधी पूर्ण गाडी घेतली, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काट्यावरचा पोरगा वैतागला. "एका गाडीच्या तीन पावत्या कायले पाह्यजे गा?" दीडशे रुपये दिले आणि गप्प केलं.

पावत्या अजून माझ्या पाकिटात आहेत. एकूण ३,७४० किलो. पुढे ८३०, मागे २,९१०.

आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, माझ्या गाडीचं मंजूर भरलेलं वजन २,९९०. म्हणजे ७५० किलो जास्त. मागच्या टायरवर भाराचा निर्देशांक ११० छापलेला आहे, म्हणजे एका टायरची क्षमता १,०६० किलोंची, दोघांची मिळून २,१२०. त्यांच्यावर मी जवळपास ८०० किलो जास्त लादून जंगलातून फिरत होतो. आणि पुढचा आकडा पाहून तर पोटात गोळाच आला. रिकाम्या गाडीचं पुढचं वजन ९६० होतं. दोन टन लादल्यावर ते ८३० झालं. भरल्यावर पुढचं वजन वाढायला हवं, इथे कमी झालं. खोलीचा आणि जनरेटरचा भार मागच्या चाकाच्या मागे लोंबत होता आणि गाडीचं नाक उचलत होता. हलकं स्टेअरिंग म्हणजे सुख नव्हतं, पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी झाली होती.

हे कळल्यावर तरी खोलीतून काय काढता येईल याचा विचार करायला हवा होता. मी मात्र डमीचं गणित मांडायला बसलो.

गणित कागदावर फार सुंदर आलं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ३.०५ मीटर. डमी मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे. डमीनं ७०० किलो उचलले तर मागच्या ॲक्सलवरचे नुसते ७०० कमी होत नाहीत. तरफेमुळे ९३० कमी होतात आणि पुढे २३० वाढतात. म्हणजे पुढे १,०६०, मधे १,९८०, मागे ७००. बेरीज तीच ३,७४०. सगळे टायर मर्यादेत, नाक खाली. मी हा कागद बायकोला दाखवला. ती म्हणाली, "एवढा हिशोब नाटकाच्या बाकीचा केला असता तं बरं झालं असतं." कंपन्यांकडे माझे पैसे अडकलेले असतात, ते तिच्या डोक्यातून कधी जात नाही.

नागपुरात जुन्या पार्टच्या दुकानांत दोन दिवस फिरलो. हबसकट डमी ॲक्सल चौदा हजारांना, कमानीचे दोन संच सहा हजारांना, रिमा आणि जुने टायर वेगळे. सामान घरी आणून वजन केलं तर ब्रॅकेट धरून १९० किलो भरलं. जे वजन कमी करायला निघालो होतो त्यात तेवढी भर! त्या दिवशी ती गोष्ट मला किरकोळ वाटली.

मिस्त्रीचं दुकान रस्त्याच्या कडेला, वर टिनाचं छप्पर. त्यानं खाली झोपून चेसिस पाहिली आणि पहिलीच गोष्ट सांगितली, ती मला पटली. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला वेल्डिंग लावायचं नाही आणि तिथे भोकही पाडायचं नाही. सगळा ताण त्याच पट्ट्यांवर येतो. वेल्डिंगच्या आचेनं तिथलं लोखंड कमजोर होतं आणि दोन महिन्यांनी शिवणीच्या शेजारी तडा जातो. पाडायचं तर उभ्या बाजूत, मधोमध. "अन् तेबी आत्ता नाई. आधी यू-बोल्टनं बांधून पाहू. जमलं तं पाहू, नाई तं सोडून देऊ." या एका वाक्यानं माझी गाडी वाचली. नाहीतर चेसिसला भोकं पाडून मोकळा झालो असतो.

तीन दिवस काम चाललं. डमीच्या जागी स्टेपनी लटकलेली होती, ती काढली. सायलेन्सरची नळी आड आली, ती वाकवली. ब्रेकच्या पाइपाला धक्का लागू नये म्हणून मिस्त्रीनं लाकडाचे ठोकळे लावले. मी विचारलं, "डमीले ब्रेक?"

"कुठून देऊ? ब्रेक हाय तुह्या गाडीचा तीन टनाचा. त्यातूनच पाइप काढला तं पुढचं पानी मागं जाईन."

ब्रेक ऑइलला तो पाणीच म्हणतो. म्हणजे चाकं सहा, वजन जवळपास चार टन, आणि थांबवायला चारच चाकं. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. पण पैसे खर्च झाले होते, आणि पैसे खर्च झाल्यावर माणूस डोकं बाजूला ठेवतो.

चाचणी रस्त्यावर घ्यायची नाही, एवढं शहाणपण होतं. ओळखीच्या मिलच्या आवारात गाडी नेली. साऊंडचं सामान चढवून कशाला मोडायचं, म्हणून बॉक्स आणि जनरेटरच्या जागी धानाचे कट्टे ठेवले. कट्टा चाळीस किलोचा, त्यामुळे हिशोब सोपा. सरळ चालवली तेव्हा खरंच झकास. गाडी सपाट, स्टेअरिंगला वजन आलेलं. मिलमधले हमाल टाळ्या वाजवायला लागले.

मग वळवली.

डमीची चाकं वळत नाहीत, ती सरळच बघतात. मधलं चाक एका वर्तुळावर जायला बघतं, मागचं दुसऱ्या, आणि दोघं चेसिसला बांधलेले. आवारातल्या सिमेंटवर टायर कर्रकर्र घासत गेले आणि काळे पट्टे उमटले. एका वळणात अख्खी चेसिस पिळल्यासारखी कुरकुरली. खोलीतल्या कपाटाचं दार आपोआप उघडलं. मोठ्या ट्रकमध्ये डमी उचलायची सोय असते. रिकामी गाडी असली किंवा अडचणीत चाक सुटायला लागलं की ती वर घेतात. ट्रकची चेसिसही त्या पिळाला बनवलेली असते. माझी चेसिस दुधाचे कॅन आणि भाजीपाला वाहायला बनवलेली.

तरी मी म्हटलं, आमचे रस्ते सरळ आहेत. मिस्त्री म्हणाला, "नाटक सरळ रस्त्यावर नसते भाऊ, गावात असते." मग आम्ही गाडी काकाच्या शेताकडे घेतली. मिलच्या मागच्या फाटकातून पांदण रस्ताच सुरू होतो, डांबरी सडकेवर चाक टेकवावं लागत नाही.

पांदण म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. बैलांनी घडवलेला रस्ता, त्यात जागोजाग धुरे आडवे. एक धुरा पुढच्या चाकांनी ओलांडला, मधल्या चाकांनी ओलांडला. त्याच्या पलीकडे पाण्याची नाली होती. मधली चाकं नालीत उतरली तेव्हा डमी धुऱ्यावर चढलेली होती. आणि गाडी थांबली. एक्सिलेटर दिला, मधली चाकं हवेत फिरल्यासारखी चिखलात भिरभिरली. पुढून इंजिनानं गाडी धरलेली, मागून डमीनं धरलेली, आणि ज्या चाकांना इंजिनची ताकद येते त्यांच्यावर जमिनीला धरण्याइतकंही वजन उरलं नव्हतं. टायरवरचा जास्तीचा भार उतरवायला बसवलेल्या चाकांनी त्या खळग्यात कामापुरताही भार त्यांच्यावर राहू दिला नव्हता. माझ्या कागदावर सगळी जमीन सपाट होती.

गेल्या पाच वर्षांत ही गाडी कुठे अडकली नव्हती. ओव्हरलोड होती तरी मागची चाकं चिखल धरायची. डमी लावल्यावर अर्ध्या तासात अडकली.

कट्टे उतरवले, एक एक करून धुऱ्यावर रचले. काका बैल घेऊन आला. त्यानं आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून डमी पाहिली, हब हातानं फिरवून पाहिला. "बेअरिंग तं मस्त हाय," म्हणाला. मग बैल जुंपले, आम्ही चौघांनी मागून रेटा दिला आणि गाडी निघाली. काका त्या दिवशी दुसरं काही बोलला नाही. कट्टे परत भरायला आमची संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी मी परिवहन कार्यालयात गेलो. खरं तर हे सगळ्यात आधी करायचं काम होतं. तिथल्या मोटार वाहन निरीक्षकाबद्दल मी कुठलीही तक्रार करणार नाही. दुसरा कोणी असता तर "नाही होत" म्हणून हाकलून दिलं असतं. त्यांनी खुर्ची दिली, पावत्या पाहिल्या, माझा गणिताचा कागदही पाहिला. "गणित बरोबर आहे," म्हणाले. "पण गाडी तुमची असली तरी आरसीवरचे आकडे तुमचे नाहीत."

त्यांनी समजावलं ते असं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मधल्या निकालात तेच सांगितलं आहे. ॲक्सलची संख्या आणि एकूण वजन हे तर मुळातलेच तपशील. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून असा बेकायदा बदल केला तर मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्त भारासाठी वेगळे वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, त्याचा खर्च आपला.

"तुम्ही सहा चाकं लावा की साठ," ते म्हणाले, "काट्यावर मी २,९९० च बघणार."

मी विचारलं, रीतसर मंजुरी घेतली तर? तर पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडे जायचं. ब्रेक, चेसिस, वळण, सगळ्याच्या चाचण्या. गाड्या बनवणाऱ्यांना ते परवडतं, कारण त्यांना हजारो गाड्या विकायच्या असतात. एका जुन्या पिकअपसाठी तो खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जाईल. त्यांनी हळूच खोलीचाही विषय काढला. राहण्याच्या गाडीसाठी, म्हणजे मोटर कॅरॅव्हानसाठी, एआयएस १२४ असं वेगळं मानक आहे. माझी खोली हौद्यात ठेवलेली, बोल्ट काढून उतरवता येते, चेसिसला जोडलेली नाही, म्हणून तिच्याकडे सामान म्हणून पाहता येईल. पण चालत्या गाडीत तिच्यात माणूस बसलेला किंवा झोपलेला दिसला तर मालवाहू गाडीतून माणसं नेली म्हणून कारवाई होणार. "आणि अपघात झाला, गाडीला डमी दिसली, तर विमा कंपनी आधी तेच दाखवेल," म्हणाले.

खरं सांगतो, मला जरा हलकंच वाटलं. पांदणीत अडकल्यापासून मला डमी काढायचीच होती, फक्त कोणीतरी मोठ्या माणसानं सांगायला हवं होतं. निघताना त्यांनी एक प्रश्न विचारला, तो माझ्या गणितात कुठेच नव्हता. "जनरेटर इतका मागे का ठेवलाय?"

आवाज आणि धूर खोलीत येऊ नये म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

त्या रात्री कागदाच्या मागच्या बाजूला दुसरं गणित केलं. जनरेटर २९० किलोचा. तो मागच्या ॲक्सलच्या दीड मीटर मागे होता. कॅबिनला लागून ठेवला तर तो ॲक्सलच्या सव्वा मीटर पुढे येतो. जवळपास पावणेतीन मीटर सरकला की मागच्या ॲक्सलवरचे अडीचशेच्या वर किलो पुढे जातात. एक किलोही न काढता, एक रुपयाही न देता. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे डमी सोडली, जनरेटर पुढे आणला आणि काट्यावर गेलो. पुढे १,०९०, मागे २,६५०. काट्यावरचा पोरगा आता मला ओळखायला लागला होता, तीन पावत्या न सांगता काढून देत होता.

(धूर झोपायच्या फळीकडे येणार, हा प्रश्न खरा होता. नाटक चालू असताना जनरेटर उतरवून लांब ठेवायचा, हा त्याचा तोडगा. उतरवायला चार माणसं लागतात. कंपनीत कामाला माणसं कमी नसतात, फक्त त्यांना उठवावं लागतं. बंद खोलीजवळ जनरेटर चालू ठेवून झोपू नका, कितीही थंडी असो. त्या धुरात वास नसलेला वायू असतो, तो झोपलेल्या माणसाला जाग येऊ देत नाही.)

मागे अजून ५३० किलो जास्त होते. आता मात्र मी खोलीत शिरलो आणि एकेक वस्तू बाहेर काढून जोखायला बसलो. मिलमधला ताणकाटा आणला होता. पाण्याची टाकी: दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, आणि आम्ही ते पाणी गावातून गावात नेत होतो, जणू पुढच्या गावात विहीर नाही. टाकी काढली, वीस लिटरची कॅन ठेवली. १८० किलो गेले. मोठे बासचे दोन बॉक्स आणि लाइटचे लोखंडी स्टँड मिळून ३६० किलो. ते पडदे आणि नेपथ्य नेणाऱ्या कंपनीच्या ट्रकमध्ये टाकायचं ठरवलं. ट्रकवाला फुकट थोडाच नेणार, दर खेपेला काही द्यावं लागतं. आणि त्या बदल्यात मला ट्रकच्या वेळेवर चालावं लागतं, जे मला अजूनही खुपतं. गेल्या हंगामात एकदा ट्रक दोन तास उशिरा आला आणि पहिला अंक बारक्या बॉक्सवर काढावा लागला. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या, त्या मला ऐकू आल्या.

शेवटचं होतं खोलीचं स्वतःचं वजन. लोखंडी खोली ६२० किलोची भरली. ती मोडायला जीव होत नव्हता. सगळ्यात जास्त पैसे तिच्यातच गेले होते. मिस्त्री म्हणाला, "अँगल बंगल्याचा लावला तुनं, अन् गाडी पिकअप." ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, बाहेरून पातळ पत्रा, मध्ये थर्माकोल, आतून हलकी शीट. नवी खोली ३८० किलोची झाली. थर्माकोलमुळे रात्री थंडीही कमी लागते, हे न मागता मिळालं. त्या कामाला एक उन्हाळा आणि डमीच्या दुप्पट पैसे गेले.

पुढच्या दिवाळीच्या आधी सगळं भरून काट्यावर गेलो. एकूण २,९६०. पुढे १,०३०, मागे १,९३०. वाढवलेले दोन पट्टेही मिस्त्रीनं काढून टाकले होते, नाहीतर आता खोली उसळत राहिली असती. तेव्हापासून टायर फुटलेला नाही. काट्याच्या त्या पावतीला मी प्लास्टिक लावून कॅबिनमध्ये चिकटवलं आहे. कलाकारांपैकी कोणी "एक ट्रंक टाकून घे ना भाऊ" म्हणालं की मी पावती दाखवतो. तीस किलोची जागा आहे, त्यात तुझी ट्रंक बसवायची की तुला, तू ठरव.

डमी मिस्त्रीच्या दुकानाच्या मागे बोराच्या झाडाखाली पडून होती. नागपूरच्या दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला. भंगारात द्यायला मन होईना. एके दिवशी काका दुकानात जाऊन बसला आणि मिस्त्रीशी परस्पर भाव करून आला. त्याच्या बंडीची, म्हणजे बैलगाडीची, लाकडी चाकं, लोखंडी धावेची, दर उन्हाळ्यात वाळून ढिली व्हायची. मिस्त्रीनं डमी मधून कापून बंडीच्या मापाची केली आणि त्यावर बंडीचा जुना साठा, म्हणजे वरची चौकट, बसवला. टायरची बंडी झाली. काकानं मला पैसे विचारले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. पांदणीतून त्यानं माझी गाडी काढली होती.

धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, झाल्यावर पहिली खेप विकायला न्यायची होती. मीही बरोबर गेलो. बंडीत पंचवीस कट्टे. पांदणीतल्या त्याच धुऱ्यावरून बंडी अशी गेली की बैलांच्या मानाही हलल्या नाहीत. मिलच्या काट्यावर बंडी चढली तेव्हा त्या पोरानं खिडकीतून आधी मला पाहिलं, मग खाली टायर पाहिले, आणि त्याला ते ओळखू आले.

"तीन पावत्या काढू का भाऊ?"

मी काही बोलायच्या आत काकानं कासरा ओढला, बैल थांबवले आणि म्हणाला, "काढ. पयले पुढचा ॲक्सल घे. नंदीले धरून."